ऑइल सील : निवड आणि पारख
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आमच्या आधी बोललेल्या वक्त्यांनी शिक्षण, आरोग्य, समाजसेवा अशा मोठ्या विषयांवर आपले विचार मांडले. आम्ही मात्र आज तळहातावर मावेल अशा एका रबरी कड्याविषयी बोलणार आहोत. विषय जाहीर झाला तेव्हा आमच्या एका स्नेह्यांनी हसत विचारले, "मास्तर, महोत्सवात बोलायला हेच सापडले काय?" आम्ही म्हटले, होय, हेच सापडले. कारण या कड्याच्या निमित्ताने 2024 सालच्या मे महिन्यात आपल्या केंद्रातील एका मावशींचा हात मोडला, आणि त्यात चूक यंत्राची नव्हती, कड्याचीही नव्हती. ती आमची होती. चूक कबूल करावी आणि ती पुन्हा कोणाकडून होऊ नये एवढे ज्ञान आपणांसमोर ठेवावे, एवढाच आमच्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते सांगतो. गिअरबॉक्स, पंप, इंजिन, पिठाची गिरणी, ट्रॅक्टर, कोणतेही यंत्र घ्या. त्याच्या पेटीत तेल असते आणि त्या पेटीतून फिरता शाफ्ट बाहेर येतो. शाफ्ट फिरावयाचा तर त्याच्या भोवती फट हवी. आणि फट ठेवली तर तेल बाहेर येणार व धूळ आत जाणार. या दोन्ही गोष्टींना अडविणारा जो पहारेकरी त्या फटीत बसवितात त्याला ऑइल सील म्हणतात. बाहेरून लोखंडी पत्र्याचे कडे, त्यावर रबर, आतल्या बाजूस रबराचा पातळ ओठ, आणि त्या ओठाला शाफ्टवर हलकेच दाबून धरणारी बारीक वेटोळ्यांची गोल स्प्रिंग, एवढाच त्याचा संसार.

पूर्वी हे काम चामडे करीत असे. जर्मनीतील वाइनहाइम गावी फ्रॉइडेनबर्ग यांचा 1849 पासूनचा चामडे कमावण्याचा धंदा होता. 1929 च्या मंदीच्या सुमारास त्या कारखान्याने मोटारींसाठी चामड्याचे सील करण्यास सुरुवात केली. वाल्टर झिमर या अभियंत्याच्या नावावरून त्यांचा सील 'झिमररिंग' म्हणून प्रसिद्ध झाला. पुढे 1930 नंतरच्या दशकात जर्मनीतच खनिज तेलाला दाद न देणारे नायट्राइल रबर बाजारात आले आणि 1936 पासून सीलमध्ये चामड्याची जागा कृत्रिम रबराने घेण्यास प्रारंभ झाला. आपल्या झाडाच्या चिकापासून होणारे नैसर्गिक रबर येथे चालत नाही. खनिज तेलात ते फुगते आणि मऊ पडते. सायकलच्या ट्यूबचा तुकडा रात्रभर रॉकेलमध्ये टाकून सकाळी पाहावा. आमचे विद्यार्थी हा प्रयोग वर्गात करतात.

आता ओठाविषयी दोन शब्द. ओठ शाफ्टला घट्ट आवळून तेल अडवितो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अर्धीच खरी आहे. शाफ्ट फिरू लागला की ओठाखाली तेलाचा अतिशय पातळ पापुद्रा तयार होतो, सुमारे एका मायक्रॉनचा, म्हणजे डोक्यावरील केसाच्या जाडीच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा किंवा त्याहूनही कमी. त्या पापुद्र्यावरच ओठ तरंगतो. पापुद्रा नसेल तर रबर कोरडे घासून जळेल. ओठाच्या दोन्ही बाजू सारख्या नसतात. तेलाकडील उतार उभा आणि हवेकडील उतार सपाट असतो. या फरकामुळे ओठाखाली आलेले तेल पुन्हा आत ढकलले जाते. म्हणून सील उलटा बसविला तर तोच सील इमानेइतबारे तेल बाहेर काढू लागतो. लक्षात ठेवावयाची खूण सोपी आहे : स्प्रिंग दिसणारी बाजू तेलाकडे.

आता आमच्या यंत्राची हकीकत सांगतो, म्हणजे निवडीचे नियम आपोआप येतील.

केंद्रात पापडाचे पीठ मळण्याचे जे यंत्र आहे, त्याला वर्म गिअरबॉक्स आहे. मोटर मिनिटाला 1440 फेरे फिरते आणि गिअरबॉक्सच्या आत येणारा शाफ्ट 35 मिलिमीटरचा आहे. 2023 च्या पावसाळ्यात तेथून तेल ठिबकू लागले. जुना सील काढला. ओठ कडक होऊन त्याला भेगा गेल्या होत्या. बरीच वर्षे नोकरी करून तो निवृत्त झाला होता, त्याची तक्रार नाही. त्यावरील आकडे वाचले : 35, 52, 7. हे वाचण्याची रीत अशी की पहिला आकडा शाफ्टचा व्यास, दुसरा ज्या भोकात सील बसतो त्या हाऊसिंगचा व्यास, तिसरा सीलची जाडी, सर्व मिलिमीटरमध्ये.

आकडे पुसले गेले असतील तर काय करावे? येथे नवशिके हमखास फसतात. ते व्हर्निअर घेऊन जुन्या सीलचेच माप घेतात. सीलचा ओठ मोकळा असताना शाफ्टपेक्षा मिलिमीटरभर किंवा थोडा अधिक लहान असतो, तसा असल्याखेरीज तो शाफ्टला धरणारच नाही. आणि बाहेरचा रबरी घेर भोकापेक्षा किंचित मोठा असतो, तसा असल्याखेरीज तो घट्ट बसणार नाही. म्हणून माप सीलचे घेऊ नये. शाफ्टचे घ्यावे, हाऊसिंगचे घ्यावे, आणि खोली पाहून जाडी ठरवावी. आपल्या बेळगावच्या परिसरात अजूनही काही जुनी विलायती यंत्रे आहेत. त्यांची मापे इंचांत असतात. एक इंच म्हणजे 25.4 मिलिमीटर. तेथे 25 चा सील जबरदस्तीने चढविला तर ओठ ताणला जातो, तापतो आणि लवकर मरतो. 'जवळपास बसतोय' हा शब्द सीलच्या बाबतीत उच्चारू नये.

मापानंतर प्रकार. दुकानात सीलवर एस.सी., टी.सी., एस.बी., टी.बी. अशी अक्षरे आढळतात. एस. म्हणजे एकच ओठ, टी. म्हणजे मुख्य ओठाखेरीज बाहेरच्या अंगास धूळ अडविणारा दुसरा लहान ओठ. सी. म्हणजे बाहेरून रबर, बी. म्हणजे बाहेरून उघडा पत्रा. व्ही. हे अक्षर असेल तर त्यात स्प्रिंग नाही. तो ग्रीससाठी ठीक, पातळ तेलासाठी नव्हे. आपल्या केंद्रात हवेत सदैव पीठ उडते, म्हणून दुसरा ओठ हवाच. हाऊसिंग जुने आणि थोडे ओरखडलेले, म्हणून बाहेरून रबर हवे. ते बारीक ओरखडे भरून काढते. तेव्हा टी.सी. ठरला. दोन ओठांमधील जागेत थोडे ग्रीस भरावे, म्हणजे धुळीचा ओठ कोरडा घासत नाही.

तिसरी गोष्ट रबराची जात. येथे तीन प्रश्न विचारावेत : तेल कोणते, तापमान किती, वेग किती? साध्या खनिज तेलात सुमारे 100 अंश सेल्सिअसपर्यंत नायट्राइल उत्तम काम देते आणि ते स्वस्त आहे. त्याहून अधिक उष्णता असेल तर अ‍ॅक्रिलिक रबर सुमारे 150 अंशांपर्यंत चालते. 1957 साली अमेरिकेतील ड्यूपाँ कंपनीने 'व्हायटॉन' या नावाने जे फ्लोरीनयुक्त रबर बाजारात आणले ते सुमारे 200 अंशांपर्यंत टिकते. पण ते कितीतरी महाग आहे. सिलिकोन उष्णता व थंडी दोन्ही सोसते, परंतु झिजेला कच्चे आहे आणि काही गिअर तेलांतील औषधांशी त्याचे जमत नाही. मोटारीच्या ब्रेक तेलाची गोष्ट पुन्हा निराळी, त्यात ई.पी.डी.एम. रबर चालते, पण तेच रबर खनिज तेलात फुगून निकामी होते. कोठेच उपयोगी पडणार नाही असे रबर नाही, आणि सर्वत्र उपयोगी पडेल असेही नाही. बहुधा नायट्राइल काळे, व्हायटॉन तपकिरी आणि सिलिकोन तांबडे असते. परंतु रंग हा काही दाखला नव्हे. रंग पाहून नव्हे, पुडक्यावरील मजकूर पाहून घ्यावे.

वेग काढण्याचे गणित सातवीच्या मुलालाही जमावे. शाफ्टचा व्यास मिलिमीटरमध्ये घ्यावा, त्याला 3.14 ने आणि मिनिटाच्या फेऱ्यांनी गुणावे, आणि 60,000 ने भागावे. उत्तर सेकंदाला मीटरमध्ये येते. आपल्या यंत्रात 35 गुणिले 3.14 गुणिले 1440, भागिले 60,000, म्हणजे सुमारे 2.6 मीटर. नायट्राइल बारा मीटरच्या आसपासपर्यंत चालते. म्हणजे वेगाची चिंता नव्हती. पेटीतील तेलाचे तापमान तासभर यंत्र चालवून आम्ही मोजले. ते 70 अंश भरले. ओठाच्या टोकाशी घर्षणाने ते आणखी चढते हे ध्यानात घेऊनही नायट्राइल पुरेसे होते.

एवढा विचार करून आणलेला सील चौथ्या दिवशी गळू लागला! काढून पाहतो तो ओठावर सुरीने दिल्यासारखी चीर. शाफ्टवर चावी बसविण्याची जी खाच असते, जिला कारखान्यात कीवे म्हणतात, तिच्या धारदार कडेवरून आमच्या विद्यार्थ्याने सील तसाच ओढला होता. आम्ही शेजारी उभे होतो आणि आम्हीही ते पाहिले नाही. त्या खाचेवर पातळ प्लॅस्टिकचा कागद किंवा चिकटपट्टी गुंडाळावी, ओठाला तेल लावावे, आणि हाऊसिंगपेक्षा किंचित लहान व्यासाच्या नळीने किंवा लाकडी ठोकळ्याने सील चोहोबाजूंनी सारखा आत न्यावा. हातोडा सीलवर थेट मारणे म्हणजे नवी वस्तू जुनी करून बसविणे होय.

दुसरा सील काळजीपूर्वक बसविला. तो दिवाळीपर्यंत चालला आणि पुन्हा ओल दिसू लागली. या वेळी सील निर्दोष होता. दोष शाफ्टचा होता. वर्षानुवर्षे एकाच जागी ओठ घासून शाफ्टवर गोल चर पडला होता. नखाला लागेल एवढा चर असेल तर नवा सील तेथे टिकत नाही. रबराने पोलाद झिजते हे ऐकून पुष्कळांना आश्चर्य वाटते; पण झिजविणारे रबर नसून त्यात रुतलेली धूळ आणि पिठाचे कण असतात. म्हणूनच शाफ्टचा पृष्ठभाग कठीण आणि गुळगुळीत असावा लागतो. मात्र तो आरशासारखा चकचकीतही नको, नाहीतर तेलाचा पापुद्रा धरत नाही. त्याला पॉलिश पेपर मारताना हात पुढेमागे तिरपा नेऊ नये. तशाने स्क्रूच्या आट्यांसारख्या बारीक रेषा पडतात आणि शाफ्ट फिरताना त्या रेषांतून तेल बाहेर चालू लागते.

चर पडल्यावर तीन उपाय आहेत. सील एकदोन मिलिमीटर आत किंवा बाहेर सरकवून ओठ कोऱ्या जागी आणणे; शाफ्टवर पातळ पोलादी बाही चढविणे; किंवा शाफ्ट भरून पुन्हा ग्राइंड करून घेणे. आमच्या हाऊसिंगमध्ये जागा होती, म्हणून 2024 च्या जानेवारीत तिसरा सील दोन मिलिमीटर बाहेर बसविला. त्याच वेळी शाफ्ट हाताने वरखाली हलवून बेअरिंगमध्ये खेळ नाही ना तेही तपासले. बेअरिंग सैल असेल तर ओठाला शाफ्टच्या मागे नाचावे लागते. अशा वेळी दहा सील बदलले तरी उपयोग नाही. तिसरा सील चार महिने टिपूसभरही गळला नाही. आम्हांला वाटले, जिंकलो.

मग मे महिना आला. महोत्सवाची तयारी म्हणून केंद्राला रंग द्यावयाचे ठरले. यंत्रेही नवी दिसावीत म्हणून सायंवर्गातील मुलांनी आणि आम्ही सुटीत ती रंगविली. गिअरबॉक्सच्या डोक्यावर एक लहान टोपी असते, तिला ब्रीदर म्हणतात. तिच्या बारीक भोकांतून पेटी श्वास घेते. आम्ही त्या टोपीवरही हिरवा रंग दिला, दोन हात दिला, आणि फार सुबक दिसते म्हणून एकमेकांचे कौतुक केले.

आठ दिवसांनी सकाळच्या पाळीत तेल जमिनीवर आले. पीठ सांडलेले होते, त्याखाली तेल दिसले नाही. परात घेऊन जाणाऱ्या एका मावशी घसरल्या आणि मनगट मोडले. सहा आठवडे प्लास्टर. त्यांच्या घरी मिळवणारे हात ते दोनच. ट्रस्टने औषधोपचाराचा खर्च केला आणि पूर्ण मजुरी दिली, हे योग्यच झाले. परंतु आम्ही भेटावयास गेलो तेव्हा मावशी म्हणाल्या, "गुरुजी, तुम्ही कशाला वाईट वाटून घेता? यंत्राचं काय, ते गळतंयच." हे वाक्य आम्हांला फार लागले. ज्या ठिकाणी 'ते गळतंयच' हे सर्वांनी मान्य केले, त्या ठिकाणी कोणीतरी पडणारच.

आम्ही घाईने चौथा सील विकत आणला. कोणी म्हणाले, आता व्हायटॉनच घाला, नायट्राइलची ही जातच खोटी. बसविण्यापूर्वी उद्यमबागेतील एका वृद्ध उस्तादांना यंत्र दाखविले. त्यांनी सीलकडे पाहिलेच नाही. टोपीवर नख फिरवून म्हणाले, "मास्तर, सील कशाला बदलतायसा? त्याला आधी श्वास घेऊ द्या की ओ."

विज्ञानाचे शिक्षक असून आम्हांला हे सुचले नाही! त्या रात्री आम्ही वहीत गणित मांडले. पेटीत दोन भाग तेल, एक भाग हवा. सकाळी 30 अंश, चालताना 70. नुसती हवा तापल्याने दाब सुमारे आठव्या हिश्शाने वाढतो. शिवाय तेलही तापून फुगते आणि हवेची जागा आणखी आकुंचित करते. दोन्ही मिळून वातावरणाच्या दाबाच्या सुमारे पाचव्या हिश्शाइतका जादा दाब पेटीत कोंडतो. साधा ऑइल सील हा दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखा दाब असावा अशा हिशेबाने केलेला असतो. वातावरणाच्या दोनतीन दशांशांपुढे तो भरवशाचा राहत नाही, आणि यंत्र जुने असेल तर त्याआधीच हार खातो. दाबाच्या जागी निराळ्या बांधणीचा सील लागतो; पण आमच्या पेटीत दाब असण्याचे कारणच नव्हते, तो आम्ही रंगाच्या ब्रशाने निर्माण केला होता.

टोपी काढली, रॉकेलने धुतली, भोके मोकळी केली. सील तसाच ठेवला. ठिबकणे त्याच दिवशी थांबले, आणि तिसरा सील आजही तेथे काम करीत आहे. चौथा सील हा पाहा, आमच्या हातात आहे. पुडके अजून फोडलेले नाही. तो महागडा व्हायटॉन घेतला असता आणि टोपी तशीच ठेवली असती, तर तोही गळला असता आणि आम्ही रबराच्या सर्व जातींना शिव्या देत बसलो असतो.

यावरून विद्यार्थ्यांनी एक पक्के ध्यानात घ्यावे. जुना सील फेकून देण्याआधी तो वाचावा. ओठ कडक व भेगाळलेला असेल तर उष्णता अधिक, किंवा वय झाले. मऊ आणि फुगलेला असेल तर तेल व रबर यांची जोडी चुकली. एकाच बाजूस झिजला असेल तर सील तिरका किंवा शाफ्ट मध्यावर नाही. चीर असेल तर बसविताना इजा झाली. आणि ओठ अगदी निरोगी असेल तर सीलला दोष न देता शाफ्ट, बेअरिंग, तेलाची पातळी आणि ब्रीदर यांच्याकडे वळावे. वैद्य नाडी पाहिल्यावाचून औषध देत नाही, तसेच हे.

खरेदीविषयी थोडे. सील खिळ्याला किंवा तारेत माळेसारखे अडकवून ठेवलेले दिसले तर घेऊ नयेत. स्वतःच्याच भाराने ओठ वाकडा होतो. उन्हात ठेवलेले, धुळीत उघडे पडलेले नकोत. घरी ते मूळ पुडक्यात, थंड व अंधाऱ्या जागी आडवे ठेवावेत. फिरत्या शाफ्टच्या सीलसाठी आपल्या देशाचे आय.एस. 5129 आणि आंतरराष्ट्रीय आय.एस.ओ. 6194 अशी मानके आहेत. पुडक्यावर माप, जात आणि बनविणाऱ्याचे नाव स्पष्ट असावे. एक धोक्याची सूचनाही देऊन ठेवतो. आगीत सापडून जळालेल्या व्हायटॉनला उघडा हात लावू नये आणि जुने सील कचऱ्यात जाळू नयेत. त्यातून अतिशय दाहक विषारी आम्ल निघते.

बंधुभगिनींनो, आमचे सांगणे संपत आले. आपल्या सीमाभागात विहिरीवरचे पंप आहेत, शहापूर-वडगावचे माग आहेत, गुऱ्हाळे आणि ओतशाळा आहेत. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कोणी ना कोणी यंत्रापाशी उभा राहून भाकरी मिळवितो. दोनचार कप चहाच्या किमतीची ही वस्तू नीट निवडली तर तेल वाचते, बेअरिंग वाचते, आणि मुख्य म्हणजे माणूस वाचतो.

विश्वस्त मंडळास आमच्या दोन विनंत्या आहेत. पहिली, केंद्रातील प्रत्येक यंत्रापाशी एक वही दोरीने बांधून ठेवावी. तीत सीलचे माप, जात, बदलल्याची तारीख आणि बदलण्याचे कारण लिहावे. 'गळत होते' हे कारण नव्हे. का गळत होते ते लिहावे. ही वही सायंवर्गातील मुले ठेवतील, त्याची जबाबदारी आम्ही घेतो. दुसरी, जमिनीवर तेलाचा थेंब दिसताच यंत्र बंद करण्याचा अधिकार तेथे काम करणाऱ्या प्रत्येक भगिनीस असावा, आणि त्यासाठी तिची मजुरी कापली जाऊ नये.

मावशी आता कामावर आल्या आहेत आणि आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. गेल्या आठवड्यात त्यांनीच आम्हांला हाक मारून सांगितले, "गुरुजी, टोपीवर पीठ बसलंय, पुसून घ्या." आम्ही पुसून घेतले. आमच्या या सगळ्या भाषणाचे सार त्यांच्या त्या एका वाक्यात आले आहे.